साहेबाच्या गुडघ्याची खुर्ची

दिघे सर कुठेही गेले तरी बसण्याआधी खुर्ची मोजतात. खिशातून टेप काढतात, बैठकीची उंची घेतात आणि मान हलवतात. "साहेबाच्या गुडघ्याची हाय." साहेब म्हणजे इंग्रज. तो गेला, पण आपलं माप इथंच ठेवून गेला, असं सरांचं म्हणणं. माझ्या साखरपुड्यातही त्यांनी सोफा मोजला होता. सासरे त्यांना मंडपवाला समजले.

नगरच्या डिझाईन कॉलेजात मी रंग शिकवते, सर फर्निचर. त्यांचे वडील भिंगारला सुतार होते. "बापानं जन्मभर खुर्च्या केल्या, आन् आमी जेवलो जमिनीवर," असं सर हसत सांगतात.

पुस्तकात मापांसाठी एक सहा फुटी गोरा माणूस हात पसरून उभा असतो. तो सरांना खपत नाही. एकदा त्यांनी अख्खा वर्ग मिरजगावच्या बाजारात नेला आणि भाजीवाल्या बायांची मापं घ्यायला लावली. खाली बसून हात कुठवर पोचतो, पाठ किती वाकते. एका मावशीने विचारलं, "झंपर शिवताय व्हय?"

"न्हाई मावशी. अभ्यासक्रम शिवतोय."

प्राचार्य वैतागले. "दिघे, हे अभ्यासक्रमात बसत नाही."

"मग त्यालाच जरा खाली बसवू."

पुढे तपासणी समिती आली, तर डिझाईनच्या इतिहासाच्या भिंतीवर, युरोपातल्या खुर्च्यांच्या चित्रांमध्ये सरांनी विळी टांगलेली. एका सदस्याने विचारलं, "हिचा डिझायनर कोण?"

"नाव लिहून ठेवायची रीत नव्हती."

"मग ही कारागिरी झाली. डिझाईन नव्हे."

"हा फरक पहिल्यांदा कुणी ठरवला, तेवढं सांगा," सर शांतपणे म्हणाले. त्यानंतर इतिहासाचा तास त्यांच्याकडून काढून घेतला गेला.

यंदा शेवटच्या वर्षाला राधा होती, पाथर्डीकडची. आईवडील ऊसतोडीला जातात. उसाच्या फडावरच्या कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, बायांना वाकून रांधावं लागतं, म्हणून तिने घडी घालून नेता येईल असा बैठा ओटा केला होता. बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, "इंग्रजीत सांग." राधा गप्प झाली. ओट्याच्या कडेवरून नुसतीच बोटं फिरवत राहिली.

सर उठले. आता भांडण होणार, असं मला वाटलं. ते तिच्या शेजारी जाऊन उभे राहिले. "तू मराठीत सांग, बाळा." आणि तिचं एकेक वाक्य ते इंग्रजीत सांगू लागले. अडखळत, घाम पुसत, पण एकही माप न चुकवता. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून इंग्रजीचं एक वाक्य आम्ही ऐकलं नव्हतं.

राधा पास झाली. नंतर व्हरांड्यात मी विचारलं, "सर, हे कधी शिकलात?"

"दोन महिने झाले. पोरगी तिथं गप होनार, ठाऊक हुतं."

"कसं?"



"मीबी झाल्तो. माझ्या परीक्षेत. काम चांगलं हुतं माझं. पन त्या दिवशी कुणी उठलं न्हाई."