फ्लिकरवाले गावंडेकाका

गावंडेकाकांसमोर कोणी ‘लाइट फ्लिकर होतोय’ असं म्हटलं, तर ते लाइटकडे पाहत नाहीत. बोलणाऱ्याकडे पाहतात. मग चष्मा कपाळावर चढवून विचारतात, “फ्लिकर म्हणजे काय जी?”

समोरचा म्हणतो, लुकलुकतोय.

“ते आताचं झालं. लाइटच्या घरी हा शब्द दत्तक आला आहे. त्याचा खरा बाप कोण?”

बदली होऊन मी जयपूरला आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात हा प्रश्न मला जिन्यात विचारला गेला. माझ्या एका हातात भाजीची पिशवी होती आणि दुसऱ्या हातात आईची औषधं. मी म्हटलं, “काका, मला बाप माहीत नाही, पण जिन्यात अंधार आहे.” त्यांना हे उत्तर आवडलं असावं. त्यांनी पिशवी घेतली आणि दुसऱ्या मजल्यावर आमच्या दारापर्यंत आणून दिली. स्वतः ते तिसऱ्या मजल्यावर, आमच्या बरोबर डोक्यावर राहतात. एकटेच.

काका अमरावतीकडचे. सगळी नोकरी विमा कंपनीत गेली, तीही आगीचे क्लेम तपासण्यात. जळालेल्या दुकानातून काळ्या पाण्याची डबकी तुडवत फिरायचं आणि आग लागली की लावली, ते शोधून काढायचं. निवृत्त झाल्यावर जळालेली दुकानं संपली, म्हणून त्यांनी शब्द धरले. “प्रत्येक शब्द क्लेम घेऊन येते,” ते म्हणतात. “तपासल्याशिवाय पास नाही करायचा.”

मी बँकेत आहे हे कळल्यावर त्यांनी मला सांगितलं की बँक म्हणजे मुळात बाकडं. सावकार बाकडं टाकून बसायचे. “म्हणजे तुम्ही बाकड्यावर नोकरी करून राहिल्या, मॅडम.” निवडणुकीच्या वेळी एक उमेदवार हात जोडून आमच्या दारांवरून फिरत होता. काकांनी त्याला थांबवून सांगितलं की कॅन्डिडेट हा शब्द पांढऱ्या कपड्यांवरून आला, जुन्या काळी उमेदवार पांढराशुभ्र झगा घालून मतं मागायचे, आणि तुम्ही निळा शर्ट घालून काऊन आले? तो माणूस पुढच्या मजल्यावर गेलाच नाही.

पण सगळ्यांत लाडका शब्द फ्लिकर. दिवाळीच्या सोसायटी मीटिंगमध्ये आमचे सेक्रेटरी शेखावतजी सहज म्हणाले की गेटवर फ्लिकरवाल्या माळा लावू. काका उठून उभे राहिले. त्यांनी हिंदीत सांगितलं की हा शब्द दिव्याचा नाही, पाखराचा आहे. जुन्या इंग्लिशमध्ये त्याचं रूप होतं फ्लिकोरिअन. पाखरानं हलके हलके पंख मारणं. पुढे त्याला कुरवाळणं, लाडीगोडी लावणं असाही अर्थ चिकटला, आणि खूप उशिरा कोणाला तरी ज्योत पाहून ते पंख आठवले. कुरवाळण्यापाशी बायका हसायला लागल्या आणि माळांचा विषय राहून गेला. तेव्हापासून मुलं त्यांना फ्लिकर अंकल म्हणतात. शेखावतजी पाठीमागे ‘चिड़ियावाले’ म्हणतात. मीही हसले होते.

हे सगळं आधी सांगितलं, कारण त्याशिवाय मे महिन्यात जे झालं ते का झालं, हे कळणार नाही.

त्या महिन्यात ऊन असं होतं की दुपारी विद्याधर नगरच्या रस्त्यांवर कुत्रंही दिसत नव्हतं. घरोघर कूलर आणि एसी. आमच्याकडे त्याशिवाय आईचं ऑक्सिजनचं मशीन. आईची फुप्फुसं गेली काही वर्षं थकलेली आहेत. दिवसाचा बराच वेळ तिच्या नाकाला नळी असते आणि कोपऱ्यात मशीन घुमत असतं. लाइट गेले तर म्हणून एक सिलेंडरही घरात ठेवलेला असतो.

एका संध्याकाळी आमचा ट्यूबलाइट मंद झाला आणि लगेच झगझगीत झाला. पंख्याचाही आवाज बदलला. मग सगळं पूर्ववत. थोड्या वेळानं बेल वाजली. दारात काका.

“तुमच्याकडे लाइट कमी झाला की जास्त?”

“आधी कमी, मग जास्त. फ्लिकर झाला थोडा,” मी म्हणाले, आणि आता बाप निघणार म्हणून वाट पाहिली. पण त्यांनी शब्दाकडे लक्षच दिलं नाही.

“माझ्याकडे जास्त झाला, तेव्हा समोरच्यांकडे कमी झाला. मी विचारून आलो.” त्यांचा आवाज उतरला होता. “मॅडम, मी नोकरीभर जळालेल्या दुकानांत एकच प्रश्न विचारला. आग लागण्याच्या आधी लाइट असे होत होते का? सारे हो म्हणत. आणि कोणी काही केलेलं नसे. खाली मीटरच्या खोलीत न्यूट्रलची, म्हणजे साऱ्या घरांची सामायिक तार ढिली झाली आहे. हे कूलर-एसी चालू राहिले तर ती जळते.”

मी त्यांच्याबरोबर शेखावतजींकडे गेले. शेखावतजी टीव्हीसमोर बसले होते. काका म्हणाले, “शेखावतजी, बिल्डिंग में फ्लिकर हो रहा है, यह मामूली बात नहीं है।”

शेखावतजींनी हात जोडले. “गावंडेजी, आज चिड़िया नहीं। बहुत गर्मी है।”

काकांनी पुन्हा समजावून सांगितलं. मीही बोलले. शेखावतजी म्हणाले की सोमवारी इलेक्ट्रिशियनला बोलावतो. ते वाईट माणूस नाहीत, पण तोंडावरचं हसू काही जात नव्हतं. मला वाटतं, ज्या शब्दामागे काका इतकी वर्षं लागले होते, त्यानंच आज त्यांची अडचण केली होती.

काकांनी मग प्लॅस्टिकची खुर्ची खाली नेली आणि पार्किंगमध्ये मीटरच्या खोलीसमोर बसले. शेजारी वाळूची बादली. मांडीवर पाण्याची बाटली. येणारे-जाणारे विचारत, “अंकल, चिड़िया आई क्या?” काका मान हलवत. मी चहा नेऊन दिला तेव्हा म्हणाले, “सोमवारपर्यंत बसतो. घरी तरी काय करून राहिलो?”

रविवारी संध्याकाळी, ऊन उतरायच्या सुमाराला, आमचा ट्यूबलाइट एकदम पांढराफटक झाला. पंखा घरघरत वेड्यासारखा फिरायला लागला. खालून रबर जळल्याचा वास आला. मी बाल्कनीत धावले तर मीटरच्या खोलीच्या दारातून काळा धूर येत होता आणि काका रुमाल तोंडाला लावून आत शिरत होते.

खटकन आवाज झाला आणि सगळी इमारत गप्प झाली. कूलर, पंखे, टीव्ही, सगळं बंद.

आणि आमच्या कोपऱ्यातलं मशीनही.

सिलेंडर घरात नव्हता. तो आदल्या दिवशीच भरायला राजा पार्कच्या दुकानात दिला होता. मी आईकडे वळले तेव्हा ती पलंगावर उठून बसली होती आणि नळी नाकाशी दाबून धरत होती. जणू दाबल्यानं हवा येईल. मी अँब्युलन्सला फोन केला. निघालीय, पण ट्रॅफिक आहे, म्हणाले. आईच्या डॉक्टरांना लावला. ते म्हणाले, चालवू नका, जिने उतरवू नका, पुढे टेकून बसवा, घाबरू देऊ नका. ओठांचा चंबू करून श्वास सावकाश सोडायला सांगा. अँब्युलन्स किंवा सिलेंडर, जे आधी येईल ते.

घाबरू देऊ नका. फोन माझ्याच हातून खाली पडला.

तेवढ्यात काका दारात आले. हात कोपरापर्यंत काळे, भुवया जळालेल्या. मागे शेखावतजी. काका धापा टाकत म्हणाले, “आग विझली. वाळू टाकली. पण मेन स्विच मीच पाडला, मॅडम. तुमचं मशीन मी बंद केलं. पाडताना ठाऊक होतं मला.” मग शेखावतजींकडे वळून म्हणाले, “राजा पार्क। सिलेंडर। गाड़ी निकालिए।” मी दुकानाचं नाव सांगेपर्यंत शेखावतजी अर्धा जिना उतरले होते.

मी मेणबत्ती शोधायला लागले. “ज्योत नको,” काका म्हणाले. “खिडकीतून उजेड आहे तेवढा पुरे.” त्यांनी स्टूल ओढलं आणि आईसमोर बसले. मी आईच्या पाठीला उशा लावल्या. तिचे डोळे मोठे झाले होते, श्वास वरच्या वर चालला होता. बोटाला लावलेल्या यंत्रावरचा ऑक्सिजनचा आकडा उतरत होता. मी तो काकांना दाखवला. त्यांनी यंत्र काढून माझ्या ओंजळीत पालथं ठेवलं.

“आई,” काका म्हणाले, “मी एक शब्द सांगतो. मी बोलतो तोपर्यंत तुम्ही श्वास सोडायचा. मी थांबलो की घ्यायचा. समजलं?”

आईनं मान हलवली. मला वाटलं, हा माणूस आता या वेळी...

“फ्लिकर,” काका म्हणाले. पण तो आवाज जिन्यातला नव्हता. एकेक अक्षर लांबवत, अंगाई म्हटल्यासारखे ते बोलत होते. “एक पाखरू होतं... घरट्याच्या काठावर बसलेलं...” थांबले. आईनं श्वास घेतला. “ते पंख मारत होतं... हलके हलके... पण जागचं हलत नव्हतं...” थांबले. “लोकांना वाटलं, हे काही उडत नाही... त्यांनी त्या पंख मारण्याला नाव ठेवलं... फ्लिकोरिअन...”

असं ते सांगत गेले. कुरवाळण्याचा अर्थ आला. आईच्या ओठांचा चंबू होऊ लागला. डोळ्यांच्या पापण्या आल्या, झाडाची पानं आली. शब्दकोशात होतं ते संपलं असणार, कारण मग पाखराला भाऊ झाले, शेजारी झाले, आभाळात ढग आले. काकांच्या कपाळावरून घाम ओघळत होता, पण त्यांनी चाल मोडली नाही. “मग खूप वर्षांनी... एका माणसानं... एक दिवा पाहिला...”

आईनं हात वर केला. मी घाबरून पुढे झाले. तिला काहीतरी बोलायचं होतं. दोन श्वासांच्या मध्ये ती म्हणाली, “आमच्यात... दिवापण फडफडतो... नि पाखरूपण.”

काका थांबले.

“एकच शब्द,” आई म्हणाली. तिनं पुन्हा श्वास गोळा केला. “दिवा फडफडतो... विझताना.”

मला तिचं म्हणणं कळलं. काकांनाही कळलं. क्षणभर त्यांचा चेहरा लहान मुलासारखा उघडा पडला. इतकी वर्षं इंग्लिश शब्दाचं घर शोधत हिंडलेल्या माणसाला तो शब्द आपल्याच घरात सापडला होता, आणि तोही अशा वेळी. मग ते पुढे वाकले.

“दिव्याचा अर्थ मागून आला, आई,” ते हळू म्हणाले. “आधीचा क्लेम पाखराचा. मी तपासला आहे. पाखरू विझायच्या आधी नाही फडफडत... ते उडायच्या आधी फडफडते. आता श्वास घ्या.”

आईनं घेतला.

कितीदा तरी ते पाखरू काठावर आलं आणि मागे गेलं. खिडकीतला उजेड कमी होत गेला. मग जिन्यात धातू आपटल्याचा आवाज आला. शेखावतजी स्वतः सिलेंडर खांद्यावर घेऊन वर चढत होते, शर्ट घामानं भिजलेला. मी नळी जोडली. हवा सुटल्याचा बारीक आवाज आला आणि काका बोलता बोलता गप्प झाले. अँब्युलन्सवाले त्यानंतर आले. त्यांनी आईला तपासलं आणि म्हणाले, हलवायची गरज नाही.

दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियननं जळून काळी झालेली तार काढून दाखवली. मीटरच्या खोलीत वरच्या फळीवर जुन्या सोफ्याचा फोम आणि रद्दी रचून ठेवली होती, तिथपर्यंत आग गेली असती तर धूर सगळ्या जिन्यात भरला असता, असं तो म्हणाला. शेखावतजी काकांकडे जाऊन आले. काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. पण त्या दिवसापासून त्यांच्या तोंडून ‘चिड़ियावाले’ ऐकलेलं नाही.

लाइट दुपारी आले. चारच्या सुमारास मी चहा ठेवला होता, तेव्हा काका आले. इस्त्रीचा शर्ट, हाताला पट्टी. मी त्यांना आत बोलावलं. आभार मानायला सुरुवात केली, तर त्यांनी हातानंच थांबवलं.

“काका, तुम्हाला काल इतकं सुचलं कसं?” मी विचारलं. “शब्द तर कधीच संपला होता.”

त्यांनी चहाचा कप न पिताच खाली ठेवला.

“सुधाच्या वेळी नाही सुचलं,” ते म्हणाले. काकू गेल्या त्या आम्ही इथे येण्याच्या आधी. त्यांचं नाव मी पहिल्यांदाच ऐकत होते. “दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, बोलत राहा त्यांच्याशी, ऐकू येतं. मी हात धरून बसलो. घरात इतके शब्दकोश, मॅडम. एक शब्द नाही आला. इंग्लिश नाही, मराठी नाही. ती पाहून राहिली होती माझ्याकडे. तिला वाटलं असेल, हा आता सुरू होईल.”

आतल्या खोलीत मशीन घुमत होतं.

“आई जाग्या आहेत का?”

“डोळा लागलाय आत्ताच. उठवू?”

“नको, नको.” ते उठले. “मी बसतो नुसता.”

ते आत गेले आणि आईच्या पलंगाशी स्टूल ओढून बसले. चहावर साय धरली. मी त्यांना हाक मारली नाही.