आधी आपटा, मग पाठवा

आमच्या पार्सल ऑफिसात तुम्ही लोणच्याची बरणी घेऊन आलात, तर दिगूभाऊ आधी "या, बसा, पानी घ्या" म्हणतील, पार्सल अदबीनं तुमच्या हातातून घेतील, डोक्याइतकं उंच धरतील आणि तुमच्या डोळ्यांदेखत फरशीवर सोडून देतील.

बरणी फुटली, तर ते अजिबात ओशाळत नाहीत. "अथी फुटली, बरं झालं," म्हणतात. "पुन्याले फुटली असती त तुमचं लेकरू तेल चाटत बसलं असतं." नाही फुटली, तर त्यांच्या चेहऱ्यावर घरात लग्न जमल्यासारखा आनंद पसरतो आणि तुमची पावती फाटते.

मी खामगावहून बदली होऊन मलकापूरच्या या शाखेत व्यवस्थापक म्हणून आलो, तेव्हा मला याची काहीच कल्पना नव्हती. पहिल्याच सकाळी खुर्चीत टेकतो न टेकतो, तोच काउंटरवरून धप्प असा आवाज आला आणि मागोमाग कैरीच्या लोणच्याचा वास. मी धावत बाहेर आलो. फरशीवर लाल तेलाचा ओघळ, कमरेवर हात ठेवून उभ्या असलेल्या एक बाई, आणि कानावर पेन खोचलेला, पन्नाशी उलटलेला एक माणूस उलट त्यांनाच रागावत होता. "बाई, पेपरात गुंडाळून कोनी काच पाठवते का? पावसाचा थेंब पडला का पेपर गेला!"

"हा काय प्रकार आहे?" मी शक्य तितका साहेबी आवाज काढला.

"परीक्षा घेऊन राह्यलो साहेब. आपल्या दारातून निघालं का रस्त्यानं कोनी मायबाप नाही त्याले."

हेच दिगूभाऊ, आणि हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. ट्रकवाल्याला सांगतात, हमालाला सांगतात, चहा घेऊन येणाऱ्यालाही सांगतात. त्या दिवशी फरशी त्यांनीच पुसली, बाईंना घट्ट झाकणाची बरणी दिली आणि परवा या म्हणाले. मला वाटलं, आता ही बाई कसली येते, ती थेट तक्रारच करणार. पण ती तिसऱ्या दिवशी हजर! एवढंच नाही, तर बरोबर दोन शेजारणी घेऊन आली, परीक्षेला बसवायला.

आमच्या शाखेतून जाणारा माल म्हणजे निम्मं वाळवण. पोरं शिकून पुण्या-मुंबईला गेली, आणि त्यांच्या मागोमाग पापड, कुरडया, सांडगे, तुरीची डाळ असं सगळं गाव त्यांच्या पत्त्यावर निघतं. दिगूभाऊंचा खरा जीव या पार्सलांत. जवळच्या जिनिंगमधून उरलासुरला कापूस मागून आणतात. घरोघरची जुनी लुगडी त्यांच्याकडे जमा होतात. आधी कापूस, मग लुगडं, मग खोका, खोक्याभोवती सुतळी आणि सुतळीला अशा गाठी की उघडणाऱ्यानं घरातल्या सगळ्यांना मदतीला बोलवावं. रोहिणखेडच्या रहीमचाचांनी लेकीसाठी चहाचा काचेचा सेट आणला होता. दिगूभाऊंनी तो बांधून हात वर केले, तसे चाचा ओरडले, "अरे दिगू, बेटी का है, आहिस्ता!"

"बेटीचं हाये म्हनूनच," म्हणत यांनी सोडून दिला. चाचांनी डोळे मिटले. आतून एक किणकिण आवाजही आला नाही. चाचा त्या दिवसापासून येता-जाता नुसतेच ऑफिसात बसतात, इतरांचे खोके पडताना पाहायला.

असं सगळं सुरळीत आपटत चाललं होतं, तेवढ्यात आमच्या मुख्य कार्यालयाला सुधारणेचा झटका आला. भिंतीवर नवी पाटी लागली, "सेवा, तंत्रज्ञान, माणसं". पाठोपाठ हातात धरायचं स्कॅनर आलं आणि ते शिकवायला पुण्याहून सानिका मॅडम आल्या. तरुण, हसतमुख आणि कामाला चोख बाई. त्यांनी पाटीचा अर्थ समजावून सांगितला. दिगूभाऊंनी मन लावून ऐकला आणि म्हणाले, "म्हंजे मॅडम, सेवा मी, मानूस मी, अन् तंत्रज्ञान थे मशीन. तिनातले दोन त आपनच हाओत."

स्कॅनरशी त्यांची लवकरच गट्टी जमली, हे मात्र मान्य करायला हवं. पार्सल कुठं पोचलं हे पडद्यावर दिसतं म्हटल्यावर त्यांना जणू खजिनाच सापडला. दिवसभर पाहत राहायचे. "उंद्रीच्या काकूच्या पापडानं नगर ओलांडलं, साहेब!" मी एखाद्या महत्त्वाच्या माणसाशी बोलत असलो तरी ही बातमी मला येऊन मिळायची. उंद्री हे आमच्याच जिल्ह्यातलं गाव; तिथल्या या काकूंना तर ते फोन करूनच कळवायचे.

पण मॅडमच्या देखत त्यांनी पहिलं पार्सल फरशीवर सोडलं आणि मॅडम किंचाळल्या. ग्राहकाची वस्तू कर्मचाऱ्यानं आपटायची नाही, असा लेखी नियम निघाला. त्याच कागदावर आणखी एक नियम होता. काउंटरवर असताना स्वतःचा मोबाइल आवाज बंद करून खणात ठेवायचा. दिगूभाऊंनी कागद दोनदा वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि दोन्ही नियम तंतोतंत पाळले. मोबाइल खणात गेला. आणि दुसऱ्या दिवशीपासून ते ग्राहकाला नम्रपणे म्हणू लागले, "मले परवानगी नाही. तुम्हीच आपटा."

त्या आठवड्यात आमच्या ऑफिसात जे चाललं, ते पाहून बँकेत निघालेले लोकही आत डोकवायचे. एक निवृत्त मुख्याध्यापक खोका छातीशी धरून बराच वेळ उभे राहिले आणि शेवटी त्यांनी तो हळूच टेकवला. "गुरुजी, हे आपटनं नाही, हे निजवनं झालं," म्हणत दिगूभाऊंनी त्यांना पुन्हा रांगेत पाठवलं. याउलट उंद्रीच्या काकूंनी, घरच्या कुणाचा राग होता देव जाणे, असा काही खोका हाणला की मॅडमच दोन पावलं मागं सरकल्या. आतला पापड शाबूत. मॅडम हसून हसून खाली बसल्या आणि नियमात या बाबतीत काही लिहिलेलं नाही असं मान्य करून त्या पुण्याला गेल्या.

आता दिगूभाऊंचा दुसरा हट्ट सांगतो, कारण पुढची गोष्ट त्यातूनच घडली. पार्सल पोचलं नाही की ते आमच्याकडे परत येतं आणि स्कॅनरवर कारण दिसतं. सगळ्यात जास्त वेळा दिसणारं कारण म्हणजे "ग्राहकाने नकार दिला". दिगूभाऊ या कारणावर कधीही विश्वास ठेवत नाहीत. "नकार-बिकार काही नसते साहेब. माल देनाऱ्या पोट्ट्याले जिना चढाचा कंटाळा आला असन, नाही त गेट सापडलं नसन. आईनं पाठवलेल्या कुरडया कोन नाही म्हनते?" मग ते ऑफिसच्या फोनवरून ज्याचं पार्सल त्यालाच गाठतात, गेट कुठल्या बाजूला, लिफ्ट चालू आहे का, वॉचमन कसा आहे, इथपर्यंत चौकशी करतात आणि पार्सल पुन्हा रवाना करतात. त्यांनी फोन केला आणि समोरच्यानं खरंच नको म्हटलं, असं माझ्या पाहण्यात एकदाही झालेलं नाही.

म्हणून मला ते पार्सल खटकलं.

यंदा वाळवणाचे दिवस सरत आले होते. परत आलेला माल ठेवायच्या टेबलाखाली, अगदी भिंतीला लागून, एक खोका पडून होता. लुगड्याची बांधणी, सुतळीच्या गाठी, म्हणजे हात दिगूभाऊंचाच. स्कॅन करून पाहिला, तर तेच कारण, "ग्राहकाने नकार दिला". परत येऊन बरेच दिवस झाले होते.

"भाऊ, याला फोन नाही केलात?"

"करतो," म्हणाले आणि ट्रककडे निघून गेले. संध्याकाळी विचारलं, तर त्यांना अचानक कापूस आणायला जायचं होतं. दुसऱ्या दिवशी विचारलं, तर ऐकूच आलं नाही. शेवटी मीच खोका बाहेर ओढला आणि वरचा पत्ता वाचला. घेणार, नितीन, पुणे. पाठवणार, दिगंबर, मलकापूर.

नितीन म्हणजे दिगूभाऊंचा एकुलता एक मुलगा. तो पुण्याला नोकरी करतो, एवढंच मला ठाऊक होतं. त्याचा विषय निघाला की भाऊ पेन शोधायला लागायचे, आणि पेन तर कायम कानावरच असायचं.

दुपारी काउंटर रिकामं होतं. मी त्यांना समोर बसवलं.

"भाऊ, नकार-बिकार काही नसतं म्हणता ना?"

"दुसऱ्याच्या पार्सलची गोष्ट येगळी असते साहेब."

मग थोडं थोडं करून त्यांनी सांगितलं. दोन वर्षांपूर्वी त्यांची बायको गेली. नितीन त्यांना न्यायला आला होता. हे नाही म्हणाले. तो पुन्हा आला, हे पुन्हा नाही म्हणाले. तेव्हा तो चिडून बोलला, "बाबा, तुम्हाला माझ्यापेक्षा लोकांचे खोके प्यारे आहेत. राहा त्यांच्यातच." यांनीही रागात काहीतरी सुनावलं. तेव्हापासून सणासुदीला मेसेज तेवढा, बोलणं नाही.

"अन् खोटं काय बोलला थो?" दिगूभाऊ फरशीकडे पाहत म्हणाले. "घरी कोन हाये माह्या? अथी चार बाया येतात, भांडतात, हासतात. तथी फ्लॅटात दिवसभर मी कोनासंगं बोलू? हे त्याले सांगता नाही आलं मले. सांगाले पायजे होतं."

"यात काय आहे?"

"कुरडया." त्यांनी खोक्याची सुतळी बोटानं चाचपली. "शेजारच्या शांताबाईपासून शिकलो. गहू भिजवला, चीक काढला, हात भाजला. चांगल्या झाल्या नाही, पन झाल्या. त्याची माय दर साली पाठवे. अन् पोट्ट्यानं नकार देला."

 उगाच मी पत्त्याची चिठ्ठी पुन्हा वाचू लागलो आणि खालच्या ओळीवर अडकलो.

"भाऊ, घेणाऱ्याचा नंबर कुणी लिहिला?"

"मीच."

"हा तर तुमचा नंबर आहे."

"हाव. त्याचा टाकला असता त पार्सलवाल्या पोऱ्यानं त्याले फोन केला असता. फोनवर इचारलं असतं त थो नको म्हनला असता. म्हनलं, त्याले इचारूच नये. डायरेक्ट दारात जाऊ दे."

मी खणाकडे बोट दाखवलं. त्यांनी मोबाइल काढला. जुने न उचललेले फोन आम्ही खाली खाली सरकवत पाहिले. स्कॅनरवर नकाराची जी तारीख होती, त्याच तारखेला, भर दुपारी, पुण्याच्या एका अनोळखी नंबरावरून लागोपाठ चार फोन येऊन गेले होते. पार्सल पोचवणारा पोरगा बिचारा गेटवर उभा राहून घेणाऱ्याला फोन लावत होता, आणि घेणारा मलकापूरला खणात आवाज बंद करून पडला होता. शेवटी कंटाळून त्यानं बटण दाबलं असणार, नकार दिला.

मला हसू आवरेना. दिगूभाऊ मात्र हसले नाहीत. त्यांचा चेहरा उतरला.

"म्हंजे त्याले कोनी इचारलंच नाही?"

"नाही. आता तुम्ही विचारा."

"अन् आता खरंच नको म्हनला त?" ते म्हणाले. इतकी वर्षं लोकांचं काचसामान बेधडक आपटणारा हा माणूस त्या क्षणी इतका घाबरला होता, की मलाही भीती वाटायला लागली. मी ऑफिसचा फोन त्यांच्यापुढं सरकवला आणि स्पीकर चालू केला.

नंबर त्यांना पाठ होता. रिंग वाजली. पलीकडून "हॅलो" ऐकू आलं आणि दिगूभाऊंनी खाकरून आपला काउंटरवरचा आवाज लावला.

"नमस्कार. मलकापूर पार्सल ऑफिसातून बोलून राह्यलो. तुमच्या नावाचं एक पार्सल परत आलेलं हाये. तुम्ही घेनार, का नकार हाये?"

 पलीकडून अगदी हळू, "बाबा?"

"पूर्ण पत्ता सांगा. गेट कोन्या बाजूनं हाये थेही सांगा."

"बाबा, काय आहे पार्सलमध्ये?"

"कुरडया."

"कुणी केल्या?"

यांचा काउंटरवरचा आवाज तिथं संपला. "मी केल्या. तुह्या मायसारख्या नाही जमल्या रे. पन तळल्यावर फुलतात."

 मी उठून बाहेर जायला हवं होतं. गेलो नाही. मग इतका वेळ स्वच्छ पुणेरी बोलणारा तो मुलगा एकदम वऱ्हाडीत म्हणाला, "फोन काऊन नाही केला बाबा तुम्ही इतके दिवस?"

"तू तरी कोठी केला बे?"

"मी रोज करणार होतो." तो म्हणाला. "आता पाठवू नका ते. असू द्या तिथंच. मी शनिवारी येतो घ्यायला. रविवारीही राहतो. तुमच्या ऑफिसात बसतो दिवसभर, चालेल?"

दिगूभाऊंनी तोंडावर हात दाबून धरला. मग हात काढून, नाक ओढत, जमेल तितक्या कडक आवाजात म्हणाले, "येतांनी वळखपत्र आन. काउंटरवरून माल न्याले वळखपत्र लागते."

"आणतो बाबा."

फोन ठेवला. त्यांनी खोका उचलून काउंटरवर घेतला आणि बाहीनं त्यावरची धूळ पुसली. स्कॅनर लावलं. पडद्यावर कारणांची यादी उघडली. तिच्यात अगदी खाली, सहसा कुणी न वापरलेलं एक कारण होतं, "ग्राहक स्वतः येऊन नेणार". दिगूभाऊंनी त्यावर बोट नेलं, थोडा वेळ तसंच धरलं आणि स्कॅनर माझ्याकडं सरकवलं.

"तुम्हीच दाबा साहेब," ते म्हणाले. "मले दिसून नाही राह्यलं."