डोळ्यांनी रंगवलेला शर्ट

आमच्या विणकर सोसायटीने गेल्या दिवाळीपासून कापड रंगवायचं काम गिऱ्हाइकांच्या डोळ्यांकडे दिलं आहे.

दुकानाच्या दारात दोन फलक आहेत. एकावर लाल-काळ्या उभ्या रेघा, दुसऱ्यावर हिरव्या-काळ्या आडव्या. गिऱ्हाइकाने चहा पीत ते आलटून पालटून बघायचे. उभ्या रेघेबरोबर लाल येतो आणि आडवीबरोबर हिरवा, हे डोळा शिकतो आणि आपणहून तेवढा रंग वजा करायला लागतो. आडवीतला हिरवा वजा झाला, की आमचा काळ्या-पांढऱ्या आडव्या रेघांचा साधा शर्ट त्याला गुलाबी दिसतो. घरी नेल्यावरही दिसतो. कुणाचा उतरलाच, तर पुन्हा फलकासमोर बसवतो. चहा आमचाच.

अडचण झाली ती बाळगोंडा मगदूमची. तो आमचा रंगारी. सोसायटीचा सचिव म्हणून मीच त्याला सांगितलं, की बाबा रे, रंग डोळे देतात, आता तुझं काम उरलं नाही. तो म्हणाला, घरात मिळवता मी एकटाच. मी म्हटलं, ते खरं, पण ठराव झालाय. तर हा पठ्ठ्या आमचाच शर्ट घालून दारात उपोषणाला आडवा झाला! मला असा राग आला म्हणता.

दुसऱ्या दिवशी सांगलीचा एक व्यापारी फलकांसमोर चहा पिऊन त्याला ओलांडून आत आला आणि म्हणाला, तो बाहेरचा हिरवा शर्ट दाखवा. माणूस आडवा, म्हणून रेघा उभ्या, म्हणून रंग हिरवा. चेअरमन चौगुले स्वतः बाहेर जाऊन बघून आले. लगेच बैठक बोलावली. एका शर्टात दोन रंग, तेव्हा भाव वाढवायचा असं एकमताने ठरलं. फक्त गिऱ्हाइकाला ते दाखवायला माणूस हवा होता.

मगदूमला कायम केलं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत दारात उभं राहायचं, नंतर आडवं पडायचं. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

“हजेरीला माझं पद रंगारी म्हणूनच लिहा, सचिवसाहेब,” तो म्हणाला.

लिहिलं. काम चोख करतो. फक्त त्याच्या नखांतला निळा अजून गेलेला नाही. फलक न बघताही तो दिसतो, म्हणून चेअरमननी त्याला हातमोजे दिलेत.