अर्धी शर्यत, अख्खी खुर्ची

मी एकदा ठरवलं की ठरवलं! मग मला कुणीही थांबवू शकत नाही. थांबतो तो मी स्वतःच, साधारण दुसऱ्या आठवड्यात. व्हायोलिन, बोन्साय, रशियन भाषा, घरच्या घरी साबण! प्रत्येकाची सुरुवात मी इतक्या दणक्यात केली की ऑफिसनं माझं नाव 'आरंभशूर' ठेवलं. पुढे लोकांना एवढं लांबलचक म्हणायचा कंटाळा आला आणि मी नुसता 'शूरराव' झालो. नव्या माणसांना वाटतं, मी सैन्यातून आलोय. मीही खुलासा करत नाही.

तर यावेळी मी ठरवलं, हाफ ट्रायथलॉन!

बायकोला समजावून सांगितलं, "आधी तळ्यात दोनेक किलोमीटर पोहायचं. बाहेर आलं की सायकल, नव्वद किलोमीटर. सायकल टेकवली की धावत सुटायचं, एकवीस किलोमीटर."

"किती दिवसांत?"

"एकाच दिवशी! एकापाठोपाठ एक!"

"अहो, तुम्हाला पोहता येत नाही."

"शिकेन!"

"सायकल नाही."

"आणेन!"

"परवा दूध आणायला कोपऱ्यावर गेलात, तर येताना मला फोन करून स्कूटर मागवलीत."

"अगं, हाफ आहे! अर्धीच तर आहे!"

तिनं कपाळावर हात मारला. पण माझ्या मनात काय शिजत होतं ते तिला कुठे ठाऊक? माझ्या मनात खुर्ची शिजत होती.

सांगतो. मी लिफ्ट बनवणाऱ्या एका कंपनीत तक्रार विभागात आहे. कुणाची लिफ्ट बंद पडली, मध्येच अडकली, की फोन आमच्याकडे येतो. आमचं ऑफिस पाचव्या मजल्यावर आहे आणि आमची स्वतःची लिफ्ट कायम बंद असते. तिची तक्रार आमच्याच कपाटात पडून आहे. तर आमचे विभागप्रमुख लवकरच निवृत्त होणार होते. खिडकीजवळची त्यांची ती उंच पाठीची, हात टेकायची, गरागरा फिरणारी काळी खुर्ची! तिच्यावर नजर दोघांची. एक मी, आणि दुसरी माझ्या शेजारच्या टेबलावरची टाचणी. टाचणी हे बाईंचं ऑफिसातलं नाव. अंगानं बारीक, बसायला ताठ आणि बोलल्या की टोचतात. मला मात्र समोर 'बाई'च म्हणावं लागतं.

मोठ्या साहेबांनी मला बोलावून स्पष्ट सांगितलं होतं, "शूरराव, तुमच्यात सगळं आहे हो. फक्त चिकाटी नाही. सुरू केलेलं एक तरी काम तुम्ही पूर्ण केलेलं मला दाखवा."

दाखवतोच! निवड व्हायच्या दिवशी गळ्यात मेडल घालून ऑफिसात शिरायचं! आणि तोवर कुणाला ताकास तूर लागू द्यायची नाही. गेल्या वेळी व्हायोलिनबद्दल आधी सांगितलं, तर लोक महिनाभर मला बघून कान झाकायचे.

झाली तयारी सुरू. पहाटे पोहण्याचा वर्ग. माझ्या तुकडीत मी सोडून सगळे पहिली-दुसरीतले. एक चिमुरडी मला रोज सांगायची, "आजोबा, घाबरायचं नाही, पाय मारायचे!" (आजोबा! अजून चव्वेचाळीसचा आहे मी!) पण मारले पाय. पाण्यातल्या औषधानं डोळे लालभडक व्हायचे. गॉगलच्या वर्तुळाकार खुणा दुपारपर्यंत डोळ्यांभोवती राहायच्या. संध्याकाळी सायकल. सायकलपटू म्हणे पायांवरचे केस काढतात, वारा कापायला सोपं जातं. मीही काढले. माझा वेग बघता वाऱ्याला माझी काही अडचण नव्हती, पण करायचं ते सगळं करायचं! रविवारी लांब पल्ल्याचं धावणं. त्यानंतर सोमवारी पाच मजले उतरताना मांड्या अशा काही धरायच्या, की मी कठड्याला लोंबकळत उलटा उतरायचो.

शिवाय पोटाचा सराव! सायकलवर असताना दर अर्ध्या तासाला काहीतरी खावं लागतं आणि ते पोटाला आधीपासून शिकवावं लागतं. म्हणून मी ऑफिसात मोबाइलवर गजर लावला. गजर झाला की खिशातून मीठ लावलेला उकडलेला बटाटा काढायचा, दोन घासांत संपवायचा, वर क्षारांची एक गोळी गिळायची. मीटिंग असो, नाहीतर साहेबांची केबिन असो. शिस्त म्हणजे शिस्त!

दोन महिन्यांत पँट ढिली झाली, गाल बसले, आणि जेवणानंतर टेबलावर डोकं टेकलं की थेट संध्याकाळच उजाडायची.

एक दिवस टाचणीबाई माझ्याजवळ आल्या. आवाज चक्क मऊ!

"शूरराव, बरं आहे ना तुम्हाला?"

"बरं? बाई, आयुष्यात कधी नव्हे इतकं बरं आहे!"

"त्या गोळ्या..."

"त्यांचं काय एवढं? घ्याव्या लागतात."

"काही सांगायचं असेल मनातलं, तर सांगा हो. मन हलकं होतं."

मी नुसता गूढ हसलो. म्हटलं, "वेळ आली की सगळ्यांना कळेलच."

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं, घाबरली! खुर्ची हातची जाणार, हे हिला कळून चुकलं!

त्यात शर्यतवाल्यांनी हृदय तपासल्याचा दाखला मागितला. अर्धी रजा टाकून मी हृदयाच्या डॉक्टरांकडे गेलो. बाहेर पडतो, हातात रिपोर्टचं मोठं पाकीट, तर समोर आमचे शिपाईकाका! काकांच्या पोटात काही राहत नाही. मी त्यांचे दोन्ही हात धरले. "काका, मला इथे पाहिलंत हे कुणाला म्हणजे कुणाला सांगू नका!"

काकांचे डोळे पाण्यानं भरले. "नाही सांगणार," म्हणाले. दुसऱ्या दिवशी ते सगळ्या मजल्याला ठाऊक होतं, आणि ठाऊक आहे हे फक्त मला ठाऊक नव्हतं.

आणि मंडळी, त्या दिवसापासून ऑफिसची मला बघायची नजरच बदलली! मी आत आलो की लोक उठून उभे राहायचे. माझ्या विनोदांना हसायचे. गेली कित्येक वर्षं मी तेच विनोद सांगतोय, हसलं कोण होतं? काका न मागता कोमट पाणी आणून ठेवायचे. माझ्या टेबलावरच्या तक्रारी तर दुपारपर्यंत गायबच व्हायच्या. टाचणीबाई उचलून न्यायच्या. "तुम्ही पडा जरा. मी बघते," म्हणायच्या.

मी घरी बायकोला सांगितलं, "माझ्यातलं नेतृत्व लोकांना दिसायला लागलंय!"

"तरीच," ती म्हणाली. "आज तुमच्या त्या बाईंचा फोन आला होता. तुमची चौकशी करत होत्या. रडत होत्या वाटतं."

"तू काय सांगितलंस?"

"खरं तेच. म्हटलं, पहाटे उठून बसतात, अन्न म्हणून फक्त बटाटा, रात्री पाय चेपून द्यावे लागतात. कुणाचं ऐकायच्या पलीकडे गेलेत. मला वाटलं, त्यांना शर्यतीचं ठाऊक आहे!"

रडत होत्या म्हणे! हार मानवत नाही माणसाला, मी मनात म्हटलं आणि बटाटे उकडायला टाकले.

शर्यतीच्या आदल्या आठवड्यात मोठ्या साहेबांनी बोलावलं. केबिनमध्ये टाचणीबाई आधीच बसल्या होत्या. साहेबांनी स्वतः उठून मला खुर्ची पुढे केली.

"शूरराव, बाईंनी आपलं नाव मागे घेतलंय. प्रमुखाची खुर्ची तुमची. सोमवारपासून."

मी उडीच मारली! म्हणजे मारायला गेलो. रविवारी धावलो होतो, त्यामुळे अर्ध्यातच कळवळून खाली बसलो. दोघांनी दोन्ही बाजूंनी मला धरलं.

"बसा, बसा! त्रास करून घेऊ नका," साहेब म्हणाले. "जितके दिवस तुम्ही आहात, तितके दिवस खुर्ची तुमची. नंतरचं नंतर बघू."

"जितके दिवस आहे म्हणजे? निवृत्तीला खूप वर्षं आहेत की माझ्या!"

साहेबांनी चष्मा काढून पुसला. बाई पदराआड हुंदका दाबत होत्या. तेवढ्यात माझा गजर वाजला आणि बाईंनी घाईघाईनं माझ्याच खिशातून बटाटा काढून माझ्या हातात दिला.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला!

"अहो, थांबा! मी आजारी नाही! मी ट्रायथलॉनची तयारी करतोय! पोहणं, सायकल, धावणं! एकवीस किलोमीटर धावणार आहे मी!"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. बाई हळूच म्हणाल्या, "गोळ्यांनी होतं असं. माझ्या मामांनाही शेवटी शेवटी वाटायचं, की ते विमान चालवतात."

साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "धावा हो, शूरराव. मनातल्या मनात खूप धावा."

काय सांगू तुम्हाला! मी आजारी आहे यावर अख्ख्या ऑफिसचा विश्वास बसला, पण मी धावेन यावर एकाचाही बसेना! हे मात्र मला लागलं. अगदी आत लागलं.

बायको म्हणाली, "खुर्ची मिळतेय ना? मग गप्प बसा आणि अधूनमधून खोका."

"दयेची खुर्ची? शक्य नाही! मी शर्यत पुरी करणार आणि हक्कानं बसणार!"

शर्यतीच्या रविवारी तळ्यात उडी टाकली आणि जिथवर दम होता तिथवर त्या चिमुरडीचा शब्द पाळला. पाय मारत राहिलो. पाण्यातून बाहेर आलो तेव्हा मागे फक्त एक बदक होतं. सायकलवर वारा समोरून, धावताना ऊन डोक्यावर. पंधराव्या किलोमीटरला एक म्हातारा काठी टेकत माझ्या पुढे निघून गेला. तो शर्यतीत नव्हता, फिरायला आला होता. त्यानं मागे वळून "चालू द्या!" असं म्हटलं, म्हणून चालू दिलं. शेवटच्या वळणावर बघतो, तर कमान उतरवायला माणसं शिडी लावतायत! आणि शिडीखाली माझी बायको पदर खोचून उभी! "एक खिळा काढलात तर याद राखा! माझा नवरा येतोय अजून!"

मी आलो. कमानीखालून गेलो. सुरू केलेली गोष्ट आयुष्यात पहिल्यांदा पुरी केली आणि मेडल गळ्यात पडताच भोकाड पसरलं. बायकोही रडली. ते सगळं आमच्या भाच्यानं व्हिडिओत टिपलं म्हणून बरं, नाहीतर माझाच विश्वास बसला नसता.

सोमवारी ऑफिसला निघालो. छाती पुढे, बाकी शरीर मागे. लिफ्ट बंद! पाच मजले हातांवर आणि गुडघ्यांवर चढलो. दारात पोचलो तेव्हा ओठ फुटलेले, तोंड भाजलेलं, दंडावर शर्यतीचा आकडा शाईनं लिहिलेला आणि मनगटाला शर्यतवाल्यांनी घट्ट बांधलेला प्लास्टिकचा पट्टा, जो कात्रीशिवाय निघत नव्हता. अगदी दवाखान्यात बांधतात तसा.

"अरे देवा!" काका ओरडले. "तिथून पळून आले!"

चौघांनी मला उचललं आणि थेट काळ्या खुर्चीत नेऊन ठेवलं. अहाहा! काय ती खुर्ची! पाठ टेकवताच सगळी दुखणी पळाली. क्षणभर मनात आलं, शूरराव, नुसते खोका!

पण नाही! मी मेडल वर धरलं. "हे बघा! पुरी केली मी शर्यत!"

"संस्थावाले देतात असं पेशंटना," कुणीतरी कुजबुजलं. "बरं वाटतं त्यांना."

मी भाच्याचा व्हिडिओ लावला आणि मोबाइल टाचणीबाईंच्या हातात दिला. बाईंनी बघितला. परत बघितला. साहेबांनी बघितला. खोलीत टाचणी पडली असती तरी ऐकू आलं असतं, पण टाचणी उभीच होती, आणि ताठ!

"म्हणजे तुम्ही ठणठणीत आहात?" बाईंनी विचारलं.

"ठणठणीत!"

"काही म्हणजे काही झालेलं नाही?"

"काहीच नाही!" मी छाती ठोकली.

"आणि इतके दिवस दुपारी घोरत होतात ते?"

"पोहणं!"

"आणि तुमच्या तक्रारी मी निस्तरत होते ते?"

मी छाती ठोकणारा हात खाली घेतला.

साहेबांनी मात्र माझा हात हातात घेऊन जोरजोरात हलवला. "शाब्बास, शूरराव! चिकाटी सिद्ध केलीत! माझे शब्द मी मागे घेतो!" मग घसा खाकरून म्हणाले, "आणि खुर्चीही. तिच्यात बसून कामं उरकणारं माणूस लागतं. ते कोण, हे या दोन महिन्यांत सगळ्यांनीच पाहिलंय. जरा उठता का?"

उठायला मला तिघांची मदत लागली.

टाचणीबाई बसल्या. एकदाच गरागरा फिरल्या आणि माझ्यासमोर थांबल्या. "शूरराव, ज्या इमारतींची लिफ्ट बंद पडलीय, तिथे वरपर्यंत जाऊन पाहणी करायला आपल्याकडे माणूसच टिकत नाही. जिने चढवत नाहीत म्हणे कुणाला. आता काळजी मिटली. कंपनीत तुमच्याइतका तंदुरुस्त माणूस दुसरा कोण आहे?"

आज पहिलीच पाहणी होती. बावीस मजले. चौदाव्या मजल्यावर गजर झाला, सवयीनं बटाटा खाल्ला. विसाव्या मजल्यावर पायांनी जाब विचारला. बाविसाव्यावर पोचून घंटी वाजवली, तर एका आजींनी दार उघडलं. माझ्याकडे बघून त्यांनी तोंडावर हातच ठेवला.

"अगं बाई! तुमची तब्येत बरी नाही का हो?"

मी ताठ उभा राहिलो. छाती पुढे काढली. 'ठणठणीत' हा शब्द अगदी ओठांवर आला होता. पण आजींच्या मागे, खिडकीजवळ, एक छान उंच पाठीची, हात टेकायची खुर्ची दिसत होती.

"नाही हो आजी," मी म्हटलं, आणि दोनदा खोकलो. "अजिबात बरी नाही."