शिंकेची हद्द

आमच्या मसाला कंपनीच्या पोलिसाचा अधिकार मिरचीने जिथवर शिंक येते तिथवरच चालतो. शिंकलेल्या माणसाला तो अटक करू शकतो, न शिंकलेल्याला फक्त नमस्कार. त्याच्या प्रमाणपत्रावर तसं शिक्क्यानिशी छापलं आहे आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही. फाटकावरचा पोलीस तुळशीदास आडनाईक मात्र गेली तीन वर्षं नमस्कारच करत होता. त्याच्या हातून एकही अटक झाली नव्हती.

परवा प्रमाणपत्राचा शेवटचा दिवस होता. नूतनीकरणासाठी जिल्ह्याहून देवकुळे साहेब आले.

"पाच वाजेपर्यंत एक वैध अटक दाखवा," ते म्हणाले, "नाहीतर वर्दी जमा करा."

तुळशीदासचं तोंड एवढंसं झालं. त्याचं लग्न वर्दी बघूनच ठरलं होतं.

साडेचारला गोरुले नावाचा एक माणूस खांद्यावर मिरचीपुडीचं चोरलेलं पोतं घेऊन फाटकातून निघाला.

"थांबा. शिंक आली का?" तुळशीदासने विचारलं.

"न्हाई बा. चार दिस झालं, नाक चोंदलंय."

"जरा प्रयत्न करून बघा की. माझ्या नोकरीचा प्रश्न हाय."

गोरुलेला खरंच वाईट वाटलं. त्याने पोतं खाली ठेवलं, सूर्याकडे बघितलं, शेवटी नाकात गवताची काडी घातली.

"काडीची शिंक ग्राह्य नाही," साहेबांनी नियमावर बोट ठेवलं. "मिरचीचीच लागते."

गोरुलेने काडी टाकली आणि माफी मागितली.

मी स्टोअरकीपर, त्यामुळे पंच म्हणून कोरा पंचनामा धरून उभा. पाचला आठ मिनिटं उरली होती.

"मिरचीच जुनी असेल," साहेब म्हणाले. खात्री करायला त्यांनी पोत्यातली चिमूटभर पूड नाकाशी नेली आणि शिंकले. चार वेळा.

तुळशीदासने टोपी नीट केली. "साहेब, कंपनीचा माल विनापरवाना घेतलासा. वर शिंकलासा. चला."

साहेबांनी डोळे पुसले, नियमावली दोनदा चाळली. "अटक वैध आहे," ते म्हणाले.

पंच दोन लागतात, म्हणून दुसरी सही गोरुलेने केली आणि पोतं उचलून तो घरी गेला. साहेबांना कंपनीच्या कोठडीत, म्हणजे धने-जिऱ्याच्या गोदामात, बसवलं. तिथूनच त्यांनी तुळशीदासच्या प्रमाणपत्रावर पुढच्या तीन वर्षांसाठी सही केली. शिक्का बाहेर टेबलावर राहिला होता, तो मी गजांमधून आत दिला.