साळूबाईला आलेली मागणी

एका जंगलात, बाळांनो, फार गर्दी झाली होती. नवा तलाव झाला आणि चारी दिशांनी जनावरं राहायला आली. बीळ बघायला गेलं की मालक आधी विचारायचा, शाकाहारी की मांसाहारी?

तरुणांना बिळं पुरेनात. मग महाराजांनी ठरवलं, म्हाताऱ्यांसाठी वेगळं ‘निवांत निवास’ बांधू. पण आधी मागणी किती ते पाहू. त्या कामावर मुंगूसराव निघाले.

दुसऱ्या दिवशी ते आले साळूबाईकडे. साळूबाई म्हणजे विधवा साळिंदरीण. मुलगा-सून दिवसभर बाहेर, आणि ही बिळाच्या तोंडाशी नातवंडं राखत बसलेली. तिच्याशी बोलायला कुणी नव्हतं. दुःख एवढंच होतं, पण फार मोठं होतं.

“आजी, मागणीसाठी आलोय,” मुंगूसराव घाईत म्हणाले. “होकार आहे का, तेवढं सांगा.”

साळूबाईचे सगळे काटे उभे राहिले. “या वयात?”

“याच वयासाठी आहे. तुमच्या चिरंजीवांना तर फार घाई आहे.”

साळूबाईला भरून आलं. आपला मुलगा आईचा इतका विचार करतो हे तिला ठाऊकच नव्हतं.

“स्थळ कसं आहे?” तिनं खाली बघत विचारलं.

“उत्तम. शांत आहे. दुपारी जरा तापतं, पण संध्याकाळी आपोआप थंड होतं.”

“आमचे हेही तसेच होते. आणि तब्येत?”

मुंगूसरावांना प्रश्न नीट ऐकू आला नाही. “पाया पक्का आहे,” ते म्हणाले.

म्हणजे गुडघे बरे आहेत, असं साळूबाईनं मनाशी धरलं आणि होकार देऊन टाकला.

ही गोष्ट तिनं फक्त घारीला सांगितली, कुणाला सांगू नकोस म्हणून. संध्याकाळपर्यंत जंगलभर झाली. काल ज्यांनी “मी कुठला म्हातारा?” म्हणून मुंगूसरावांना हाकललं होतं, ते आज त्यांना वाटेत अडवू लागले. म्हातारं सांबर म्हणालं, “आमच्याकडे परत का नाही आलात? आम्ही काय वाईट आहोत?” लंगडं तरस म्हणालं, “स्थळ कसंही चालेल.”

मागणी अशी वाढली की महाराज चकित झाले. प्रत्येकाला एक अशा खोल्या भराभर बांधून झाल्या.

उद्घाटनाला सगळे न्हाऊनधुऊन आले. साळूबाईनं एकेक काटा घासूनपुसून लख्ख केला होता. मुंगूसरावांनी तिला दार उघडून दिलं. तिनं आत डोकावलं.

“इथे तर कुणीच नाही.”

“नाहीच. संपूर्ण स्वतंत्र आहे, आजी.”

“आणि स्थळ?”

“हेच की स्थळ.”

साळूबाईला सगळं कळलं. तिला इतकी लाज वाटली की तिथंच बीळ खणून आत जावंसं वाटलं. तेवढ्यात शेजारच्या दारातून तोच प्रश्न ऐकू आला आणि तेच उत्तर. पाठोपाठ काहीतरी धप्पकन पडलं. ते खवलेराव होते, विधुर खवल्या मांजर. शरमेनं त्यांनी स्वतःचा चेंडू करून घेतला होता.

साळूबाई जवळ गेली. “अहो, उलगडा जरा. माझंही असंच झालंय.”

चेंडूतून आवाज आला, “मी मुंग्या आणल्या होत्या. चांगल्या निवडून.”

साळूबाईला हसू फुटलं. कित्येक वर्षांनी फुटलं, त्यामुळे आवरेना. “मग आता मागणी कोण घालणार? तुम्ही की मी?”

“तुम्हीच घाला,” चेंडू म्हणाला. “मला लाजायला होतं.”

तिनं घातली. ते बघून सांबरानं घातली. तरसानं तर दोघींना घातली, त्यातली एक हो म्हणाली. अंधार पडेपर्यंत जो तो कुणाच्या तरी खोलीत गप्पा मारत बसला होता आणि निम्म्या खोल्यांना कुलपं लागली होती.

महाराजांनी मुंगूसरावांना बोलावलं. “मागणी एका दिवसात निम्मी कशी झाली?”

“महाराज,” मुंगूसराव रडवेले होऊन म्हणाले, “सगळ्यांनी ती एकमेकांना घातली.”

तात्पर्य: म्हाताऱ्यांना किती खोल्या लागतील हे मोजून होईपर्यंत त्यांना एकमेकांशी बोलू देऊ नये. खोल्या रिकाम्या पडतात.