परबांचा बदली

आमचे शेजारी वसंतराव परब फोटो काढण्याआधी फ्लॅशला दम देत. बायकामुलांना कधी अरे-तुरे न करणारा हा माणूस दिव्यासमोर बोट नाचवून म्हणे, "हाक मारली की ये. झोपलास तर घरी बसवीन."

मुलांनो, तुमच्या फोनमध्ये फ्लॅश आतच असतो, म्हणून सांगते. परबांकडे दोन होते. एक कॅमेऱ्याला जोडलेला, तो 'साहेब'. दुसरा लांब स्टुलावर, वायरीशिवाय. त्याला मेव्हण्याने काचेचा एक डोळा बसवून दिला होता. साहेब चमकला की डोळ्याला ते दिसायचं आणि तोही त्याच क्षणी चमकायचा. हा 'बदली'. गिरणीत कायम कामगार आला नाही की गेटवर थांबलेल्या बदली कामगाराला आत घेत. परब वीस वर्षं साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवत होते. त्यांना दुसरं नाव सुचणारच नव्हतं.

गिरण्यांच्या संपाचं दुसरं वर्ष लागलं होतं. परळच्या आमच्या चाळीतली निम्मी बिऱ्हाडं कोकणात गेली होती. परबांनीही सुशीलावहिनींना आणि दोन मुलांना मालवणकडे पाठवलं, आणि स्वतः बारशांचे, लग्नांचे फोटो काढू लागले. बदली हा त्यांचा अभिमान होता. "बाई, एका फ्लॅशने सावली पडते. बदली ती पुसून काढतो," हे मी किमान पन्नास वेळा ऐकलं असेल.

माझ्या धाकट्या नणंदेच्या लग्नात मात्र बदलीने घात केला. दुबईहून आलेले एक पाहुणे स्वतःचा कॅमेरा घेऊन फिरत होते. बदलीला साहेब कोणता हे कुठे कळतंय? पाहुण्यांचा फ्लॅश चमकला की हाही इमानेइतबारे चमकायचा. एकदा उडाला की पुन्हा भरायला त्याला दहा-बारा सेकंद लागत, आणि नेमके तेव्हा परब बटण दाबत. पुढे फोटो धुऊन आले, तेव्हा हार घालतानाचे पाहुण्यांनी काढलेले झळझळीत होते. परबांच्या फोटोत नवरी अर्धी काळोखात. पण परबांना ते भर मांडवातच कळलं होतं; बदलीसमोर उकिडवे बसून ते म्हणाले होते, "फितूर झालास? तेही दुबईला?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी सूत गुंडाळायची पुठ्ठ्याची नळी कापून त्या डोळ्यावर बसवली. आता बदलीला फक्त नाकासमोरचं दिसे. मग परब माझ्याकडे आले, हातात वहिनींचं पत्र.

वहिनींनी सरळ लिहिलं होतं: स्वतःचा फोटो पाठवा. वाळला असाल तर मी न्यायला येते. मुंबई पुरे झाली. परबांना जायचं नव्हतं. संप मिटेल त्या सकाळी आपण गेटवर नसलो तर आपला साचा दुसऱ्याला देतील, ही त्यांची धास्ती होती. तेव्हा फोटोत ते धडधाकट दिसणं भाग होतं, आणि बटण दाबायला त्यांना हात न थरथरणारं माणूस हवं होतं. इंग्रजीची शिक्षिका म्हणून माझी निवड झाली.

मी त्यांच्या सूचना वहीत क्रमांक घालून लिहून घेतल्या. स्टूल डावीकडे, खाली. बदलीचं तोंड पांढऱ्या चादरीकडे, डोळा कॅमेऱ्याकडे. मध्ये कोणी नको. पहिल्या तीन वेळा बदली ढिम्म. मी वही तपासली, परबांनी बॅटरी तपासली. शेवटी लक्षात आलं की मीच टापटिपीच्या सवयीने स्टूल भिंतीला समांतर करून ठेवत होते, आणि नळी बघत होती परबांच्या देव्हाऱ्याकडे. "बाई," परब शांतपणे म्हणाले, "त्याला देव दिसतोय, साहेब नाही."

चौथ्यांदा दोन्ही एकदम चमकले. फोटो सुंदर आला. डोळ्यांखालचे, गालांखालचे खड्डे गायब. तेव्हा कुठे मला समजलं की बदली कुठल्या सावल्या पुसायचा. चाळीतल्या किती जणांचे असे फोटो त्यांनी गावाला, त्यांच्या आयांना पाठवले होते, ते मी विचारल्यावरही परबांनी सांगितलं नाही.

आठ दिवसांनी वहिनी परबांच्या दारात. डोक्यावर तांदळाचं बोचकं, मागे दोन्ही मुलं. परबांकडे त्यांनी एकदाच पाहिलं आणि माझ्याकडे वळल्या.

"बाई, फोटो बरो इलो. गाल भरले. पन कॉलरीत माझी मूठ मावतली, ता कसा लपवतलात?"

मी फोटोभर सगळं तपासलं होतं. मानेभोवती सैल पडलेली कॉलर नव्हती तपासली.

परब म्हणाले, आपण गावाला येणार नाही. वहिनींनी ऐकलंच नाही. बोचकं सोडून त्यांनी मुलांचे शाळेचे दाखले काढले आणि माझ्या हातात दिले. आमच्या शाळेत जून महिन्यात घेतील का, एवढंच विचारलं. मग पदर खोचून स्टोव्हला पंप मारायला बसल्या.

परबांनी सुटलेलं बोचकं उचलून कोपऱ्यात ठेवलं. तिथूनच त्यांनी वहिनींना विचारलं,

"यष्टीत बसाक जागा गावली मां?"